लेकरांची जागल

पत्र:

मावशी, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आमची शेती आहे. मला ९ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा आहे. मे महिन्यात नणंदबाई, जावई आणि त्यांची दोन मुलं (वय ११ आणि ६) पुण्याहून येणार आहेत. चार दिवस घरी राहतील, मग भाड्याची गाडी करून आम्ही सगळे शेगाव आणि तिथून चिखलदऱ्याला जाणार. सासू-सासरे आणि नात्यातले एक काका-काकू धरून आम्ही बारा जण आहोत.

पुण्याच्या मुलांनी विहीर, शेततळं कधी जवळून पाहिलेलं नाही. जावयांनी फोनवरच त्यांना कबूल केलंय की मामाच्या शेततळ्यात पोहायला शिकवीन. मागच्या वर्षी शेजारच्या गावात दोघं भाऊ शेततळ्यात बुडाले, तेव्हापासून मला रात्री जाग येते. मी काही बोलले की मामाजी (माझे सासरे) म्हणतात, "आमच्या टायमाले कोन पाहे लेकराईकडे? झाले नं सारे मोठे." आणि माझे मालक म्हणतात, "आपन सारे तं आहोच नं." मी खरंच भित्री आहे का? जावयांना नाही म्हणायची माझी हिंमत नाही. त्यात मुलीने वेगळाच हट्ट धरलाय. गाडीत काकांजवळ बसणार नाही म्हणते. तिला कसं समजवू?

– एक आई

उत्तर:

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही तुला तू म्हणते. तू भित्री नाहीस.

मी २२ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर जी लेकरं उचलून आणली जायची, ती बहुतेक भरल्या घरातून यायची. कुठे लग्न, कुठे तेरवी, कुठे माहेरवाशीण आलेली. अंगणात वीस माणसं असायची आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटलेलं असायचं की लेकरू दुसऱ्याजवळ आहे. आईला वाटायचं आत्याजवळ, आत्याला वाटायचं आजोबांजवळ. तुझ्या नवऱ्याचं ते वाक्य मी त्या ओसरीवर फार वेळा ऐकलंय, फक्त भूतकाळात: "आमी सारे तं होतोच नं तिथं." म्हणून ते तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मी पत्र खाली ठेवलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले.

तुमच्या शेतात रानडुकरं येत असतील, रोही येत असतील. तूर, हरभरा उभा असला की जागल लागते. तेव्हा तुझ्या घरात कोणी म्हणतं का, की आपण सारे मिळून लक्ष ठेवू? पाळी ठरते. आज मामाजी, उद्या तुझे मालक. शेतात आज कोण आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि ज्याची पाळी त्याचा डोळा लागला तर सकाळी त्यालाच विचारलं जातं. लेकरांची जागल तशीच लाव. या सात दिवसांत कोणत्याही क्षणी मी विचारलं, की आत्ता धाकटा कोणाकडे आहे, तर एकच नाव आलं पाहिजे. पाळी सोपवताना तोंडाने बोलायचं: "मी आंघोळीला चालले, आता हा तुमच्याकडे." समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय जायचं नाही. ज्याची पाळी आहे त्याने मोबाईल खिशात ठेवायचा, पत्ते खेळायचे नाहीत, आणि दारूचा थेंबही घ्यायचा नाही. ११ वर्षांच्या मुलाकडे धाकट्यांची जबाबदारी कधीच द्यायची नाही. तो स्वतः लेकरू आहे.

हे मामाजींना तू जागलीच्याच भाषेत सांग. त्यांनी आयुष्यभर पिकं राखली आहेत, त्यांना कळेल. "आमच्या वेळी" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचं बालपण असतं, आणि त्या बालपणात शेततळं नव्हतं. विहिरीला पायऱ्या होत्या, नाल्याला उतार होता, काठावर धुणं धुणाऱ्या बाया होत्या. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली आणि त्यानंतर आपल्याकडे गावोगावी तळी झाली. प्लास्टिकचं अस्तर असलेलं तळं हा वेगळाच धोका आहे. ओलं प्लास्टिक, त्यावर शेवाळ, आणि चहूबाजूंनी तीव्र उतार. पाय ठेवायला खाच नाही, हाताला धरायला गवताची काडी नाही. पट्टीचा पोहणाराही त्यातून बाहेर येऊ शकत नाही, कारण काठावर चढताना तो परत परत खाली घसरतो आणि दमतो. म्हणूनच दोघं जातात. पहिला घसरतो, दुसरा त्याला हात द्यायला जातो. तुझ्या शेजारच्या गावात काय झालं ते मला माहीत नाही, पण दोन भाऊ म्हटल्यावर माझ्या मनात हेच आलं.

तेव्हा शेततळ्यात पोहणं नाही. कमरेला दोर बांधून नाही, ट्यूब घेऊन नाही, जावई कितीही चांगले पोहत असले तरी नाही. आणि हे तू सांगायचं नाहीस. आपल्याकडे जावयाला सुनेने नाही म्हणणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, आणि तुझी हिंमत मोजायची ही वेळ नव्हे. मामाजींनी सांगावं, ते येण्याआधी, फोनवर, आणि घराचा नियम म्हणून: "बापू, आमच्या तळ्यात कोनीच उतरत नाही, मी पन नाही." आल्यावर मुलांसमोर सांगितलं तर ते जावयांच्या जिव्हारी लागेल. आधी सांगितलं तर ते स्वतःच मुलांना दुसरं काही कबूल करतील. सकाळी मोटर सुरू असताना पाइपाच्या धारेखाली भिजायला मिळालं तर पुण्याच्या लेकरांना त्याचंही अप्रूप वाटेल. ओलिताला पाणी सोडलंय तोवर भिजायचं, शेजारी एक मोठं माणूस उभं, आणि मोटरीच्या पेटीपासून लांब.

पाहुणे यायच्या आधी तुझ्या मालकांकडून एक काम करून घे. तळ्याच्या चारही बाजूंना काठावर भक्कम खुंट ठोकून जाड नायलॉनचे दोर पाण्यात सोडून ठेवायचे, दर हातभर अंतरावर गाठी मारून. जमलं तर दोराच्या टोकाला जुनी ट्यूब. कुंपण तुटलं असेल तर ते आधी. विहिरीला कठडा नसेल तर निदान काट्याच्या फांद्या तरी लावून घ्या, आणि लेकरांनी विहिरीकडे एकटं जायचं नाही हे पहिल्याच दिवशी त्यांना विहिरीवर नेऊन, हात धरून, आत वाकून न बघता दाखवा. न दाखवता नुसतं "जाऊ नको" म्हटलं की ती हमखास जातात.

बुडणारं लेकरू ओरडत नाही. तोंडात पाणी असतं, हात वर येत नाहीत, आणि दहा पावलांवर बसलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. दोर, बांबू, दुपट्टा, लुगडं, जे हाताशी असेल ते फेका आणि ओढा. बाहेर काढल्यावर लेकरू श्वास घेत नसेल तर त्याला उलटं धरून गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढायचं नाही. आमच्याकडे आणलेल्या लेकरांवर घरच्यांनी आधी हेच सगळं केलेलं असायचं, आणि तेवढ्यात हाती असलेली मिनिटं निघून गेलेली असायची. सपाट जमिनीवर उताणं निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून छाती फुगेल असे पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध भराभर तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस, पुन्हा दोन. दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. हे घरातल्या दोघांना तरी आधी करून बघायला लाव. गावच्या आशाताईला विचार, ती दाखवेल किंवा दाखवणाऱ्याकडे नेईल.

घरातल्या आणखी तीन गोष्टी आहेत.

पहिली कूलर. लोखंडी कूलर, टाकीत पाणी, ओल्या फरशीवर अनवाणी लेकरू. विदर्भात दर उन्हाळ्यात यात लेकरं जातात. पाणी भरताना बटण बंद करून पिन काढायचीच, अर्थिंग आहे का ते वायरमनला दाखवून घ्यायचं, आणि कूलरच्या आणि लेकराच्या मध्ये एखादी खाट आडवी टाकायची.

दुसरी फवारणीची औषधं. खरिपाची खरेदी सुरू झाली असेल तर ती कोठ्यात कुठेतरी कोनाड्यात असतील, आणि उरलेलं थोडं थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असेल. ते आजच शोध. पुण्याच्या मुलाला त्या बाटलीत सरबतच दिसणार. सगळं कुलपात, मूळ डब्यातच. कोणी प्यायलंच तर ओकारी काढायची नाही, डबा सोबत घेऊन थेट दवाखाना.

तिसरी अंगणातलं झोपणं. लेकरांना त्याची मजा वाटते, ती त्यांना मिळू दे. पण खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. मण्यार रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचा चावा पुष्कळदा कळतही नाही. पहाटे लेकराच्या पोटात दुखतं, घास गिळता येत नाही, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात उन्हाचं झालं असेल. असं काही दिसलं तर दंश सापडो न सापडो, दवाखान्यात न्या. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय हलू द्यायचा नाही. भगताकडे नेण्यात एक तासही घालवू नका. सर्पदंशावरची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. विंचवालाही हेच. लाल विंचू चावल्यावर लेकराला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, ओकाऱ्या झाल्या तर ते नुसतं दुखणं नाही, हृदयावर आलंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीने असे कितीतरी रुग्ण वाचवून दाखवले, आणि आता तो उपचार सगळीकडे आहे. फक्त वेळेत पोचलं पाहिजे. सकाळी बूट-चपला झटकून घालायची सवय पुण्याच्या दोघांना पहिल्या दिवसापासून लाव.

आता प्रवास. पहाटे पाचला निघा. कारंजा, मूर्तिजापूर, अकोला करत ऊन चढायच्या आत शेगावात पोचा. उन्हाच्या भीतीने रात्रभर गाडी चालवायचा बेत कोणी केला तर त्याला विरोध कर. दिवसभर दुसरं भाडं करून आलेला ड्रायव्हर रात्री स्टिअरिंगवर झोपतो. गाडी ठरवतानाच विचारा की आदल्या रात्री तो झोपलेला असेल का. बारा माणसं आहात तर बारा जणांना बसता येईल अशीच गाडी घ्या. जीपमध्ये कोंबून, धाकटे मांडीवर घेऊन जायचं नाही. ब्रेक जोरात लागला की मांडीवरचं लेकरू तुझ्या हातात राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा लावला नसेल तर मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे. दंडाचं भय घालून का होईना, सगळ्यांना पट्टे लावायला लाव.

मे महिन्यात अकोल्याकडचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. बंद गाडीत दहा मिनिटांत आणखी दहा अंश वाढतात. "झोपलाय, झोपू दे, आपण चहा घेऊन येऊ" असं एकदाही म्हणायचं नाही. उतरताना लेकरं मोजायची, आणि मोजणाऱ्याचं नाव ठरलेलं असावं. जलसंजीवनीच्या पुड्या घे. एक पुडी एक लिटर पाण्यात, पेल्यात अर्धी-मुर्धी नाही. पुडी संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रंगीत गोड पेयांची खोकी म्हणजे जलसंजीवनी नव्हे. आत्याबाई (तुझ्या सासूबाई) खिशात कांदा ठेवायला सांगतील तर ठेव, त्याने काही बिघडत नाही, पण कांदा ठेवलाय म्हणून पाणी द्यायला विसरू नका. लेकरू तापलं, बरळायला लागलं, पेंगलं, तर सावलीत घेऊन कपडे काढून अंगभर पाणी मारायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

शेगावात गर्दी असली तरी शिस्त आहे, सेवेकरी आहेत. तिथे लेकरू हरवण्याची भीती दर्शनाच्या रांगेत कमी आणि चपला काढताना, प्रसादाहून बाहेर पडताना, स्टेशनसमोर जास्त. रोज सकाळी चौघांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढ. हरवल्यावर आईला सदऱ्याचा रंग आठवत नाही, हे मी पाहिलंय. खिशात दोन फोन नंबरांची चिठ्ठी, आणि ५ वर्षांच्याला तुझं खरं नाव पाठ असू दे. "आईचं नाव काय?" म्हटलं की तो "आई" म्हणेल. हरवलास तर शोधत फिरू नको, जिथे आहेस तिथेच थांब आणि सेवेकरी नाहीतर लेकरू कडेवर असलेली बाई दिसली तर तिला सांग, एवढंच शिकव.

चिखलदऱ्याला अकोट, अंजनगाव, परतवाडा असं जाल. परतवाड्यात डिझेल, पाणी, औषधं सगळं घेऊन घ्या. अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वर चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, दोन्हींचे रस्ते ड्रायव्हरला आधी विचारून ठेवा. मेळघाटात मोबाईलला रेंज येते-जाते, म्हणून कोण कुठे किती वाजता भेटणार हे तोंडी ठरवा. पंचबोल पॉइंटला लेकरं प्रतिध्वनी ऐकायला ओरडतात, नाचतात, मागे सरकतात. तिथे आणि भीमकुंडावर प्रत्येक लेकराचा हात एका मोठ्याच्या हातात. मनगट धरायचं; बोटं सुटतात. कठड्यावर बसवून फोटो काढायचा नाही. शक्कर तलावात नावेत बसणार असाल तर लेकराच्या मापाचं जॅकेट असेल तरच, आणि पट्टे बांधून. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. दशक्रियेसाठी जमलेलं एकच नातं होतं ते. त्या घरांमध्येही सारे सोबतच होते.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. तू ती सर्वांत शेवटी आणि घाईत लिहिलीस, पण माझं मन तिथेच अडकून आहे.

तुझी मुलगी काकांजवळ बसणार नाही म्हणते. तू त्याला हट्ट म्हणतेस आणि समजूत काढायचा उपाय विचारतेस. समजूत काढू नकोस. ९ वर्षांची मुलगी एका विशिष्ट माणसाजवळ बसायला नाही म्हणते, तेव्हा कारण साधंही असेल. त्यांना तंबाखूचा वास येत असेल, ते गालगुच्चे घेत असतील. किंवा साधं नसेलही. दोन्ही वेळेला तिचं ऐकायचंच. गाडीत ती तुझ्याजवळ खिडकीकडे बसेल, चिखलदऱ्याच्या लॉजवर ती तुझ्या आणि आत्याबाईंच्या मध्ये झोपेल, आणि याचं कारण तू कोणालाही देणार नाहीस. काका मोठे आहेत, वाईट वाटेल, लोक काय म्हणतील, या गोष्टींपेक्षा मुलगी मोठी आहे.

आज रात्री ती आणि तू अशा दोघीच असताना विचार. वेणी घालताना, भाकरी थापताना, जिथे तिला तुझ्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. "काकांजवळ बसायला का नको वाटतं?" एवढंच. तिच्या तोंडात शब्द घालू नकोस, दहादा विचारू नकोस, गप्प राहिली तर राहू दे. तिला सांग की अंगाला कोणी हात लावलेला आवडला नाही तर तो कोणीही असो, नाही म्हणायचं आणि मला सांगायचं. "आईला सांगू नको" असं जो सांगेल, त्याचं तर सगळ्यांत आधी सांगायचं. आणि मी रागावणार नाही. तिने काही सांगितलंच, तर चेहरा शांत ठेव, तिला जवळ घे, "बरं झालं सांगितलंस" म्हण. ओरडू नकोस, काकांना बोलवून समोरासमोर करू नकोस. १०९८ हा मुलांसाठीचा फोन चोवीस तास सुरू असतो, त्यावर विचारता येतं. लैंगिक अत्याचारापासून मुलांना जपणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलांच्या बाजूने पुष्कळ काही आहे, घरातलं माणूस असलं तरी. मग सहलीला काका येणार की नाही, हा प्रश्न तुझ्या नवऱ्याने सोडवायचा.

पुण्याच्या दोघांशीही नणंदबाईंनी असंच बोलावं. बारा माणसं दोन खोल्यांत झोपणार, तेव्हा कोण कुठे झोपेल हे तुम्ही दोघी बायकांनी मिळून आधी ठरवा.

मुलीशी बोलल्यावर मला लिही. ते पत्र सदरासाठी लिहू नकोस, मावशीला म्हणून लिही. ते मी छापणार नाही.